तिसरी ओळ

१ ऑक्टोबर १९५६, ग्वाल्हेर

नवी वही, नवं गाव, नवी नोकरी. पहिल्याच पानावर नाव लिहायचं तर पूर्ण लिहिते: कु. कुमुद सूर्याजी शिर्के, बी.एस्सी.

लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. इतकं मोठं नाव आमच्या घरात अजून कुणाचं झालेलं नाही. बाबा देवासच्या फौजेत हवालदार होते. फौज मोडली आणि त्यांच्या नावामागचं पद गेलं. आई सहीच्या जागी अंगठा उठवते. पदवीदानाला भोंग्यावरून माझं नाव पुकारलं, तेव्हा बाबांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना विचारलं होतं, आत्ता कुणाचं नाव घेतलं? त्यांनी सांगितलं. बाबा म्हणाले, तेच ना, परत एकदा सांगा. नाव आईने ठेवलेलं आहे. माझा जन्म पहाटेचा, आणि त्या वेळी देवासच्या तळ्यात पांढरी कुमुदं मिटायची राहिली होती म्हणे.

गाडी सकाळी पोचली. टांगेवाल्याने विचारलं, बिटिया मास्टरनी हो? मी सांगितलं, नाही, फुलांचं काम आहे. तो मागे वळून म्हणाला, फूल तो माली देखते हैं. किल्ला दिसेपर्यंत मी हसत होते.

शिंदे की छावनीत विजयाबाईंकडे खोली मिळाली आहे. त्यांचे यजमान दरबारच्या पलटणीत होते, आता मुलगा पठाणकोटला फौजेत आहे. बोलतात मराठी, पण मध्येच हिंदीत शिरतात. बी.एस्सी. म्हणजे फुलांची डॉक्टरीण का, मग आधी माझ्या तुळशीला कीड लागली आहे ती बघ, हाथ के हाथ, असं म्हणून मला बॅगेसकट अंगणात नेलं. वर बजावलं की पोळ्या मात्र तुझ्या तूच लाटायच्या, डिग्री मिली तो बेलन नहीं छूटता.

सून शेवंती माझ्याच वयाची. ती बोलायच्या आधी हसते. दळताना गाते, भांडी घासताना गाते, आणि सासूबाई ओरडल्या की आवाज तेवढा लहान करून गाणं पुढे चालूच ठेवते. नवऱ्याची पत्रं शेजारचे काका सगळ्यांदेखत मोठ्याने वाचतात, याची तिला फार लाज वाटते. स्वतः वाचता यावं म्हणून तिने एक पाटी आणून लपवून ठेवली आहे. मी शिकवायचं कबूल केलं. पाटी दोघींची, म्हणून तिच्या लाकडी चौकटीवर मी खिळ्याने दोन नावं कोरली. वर शेवंती, खाली कुमुद. तिने दोन्हींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, दिसतात छान, आता वाचायची कधी?

३ ऑक्टोबर

कचेरी म्हणजे जुन्या दरबारी बागेतला बंगला. आधी दरबारचं बागखातं, मग मध्य भारताचं शेतीखातं, आणि येत्या एक तारखेपासून मध्य प्रदेश. आमचे अधिकारी पांडुरंगराव दरबारच्या वेळेपासूनचे आहेत. ते म्हणतात, बोर्ड रंगवणारा या बंगल्याचा जावई झाला आहे, सारखा येतो. राजधानी भोपाळला गेली, तेव्हा आमचं कामही तिकडे जाणार. बंगल्यात फुलांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे, तो नीट लावून खोक्यांत भरून द्यायचा. त्यासाठीच मला घेतलं आहे.

चित्रं पाहून मी खुर्चीवर बसलेच. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मुरारच्या छावणीतल्या एका मेमसाहेबाने ती इथल्या चिताऱ्यांकडून काढवून घेतली. जास्वंदीच्या पाकळीवरच्या शिरासुद्धा मोजता येतील. प्रत्येक चित्राखाली तीन ओळी आहेत. पहिलीत लॅटिन नाव, दुसरीत इंग्रजी, तिसरी देशी नावासाठी. गुलबाक्षीच्या चित्रावर ‘मिराबिलिस जलापा’ आहे, खाली ‘मार्व्हल ऑफ पेरू’ आहे. ग्वाल्हेरच्या प्रत्येक परसात संध्याकाळी उमलणारं फूल पेरूचं आश्चर्य झालं, आणि गुलबाक्षी या शब्दाला जागा नाही. कारण तिसरी ओळ खरवडलेली आहे.

एकाच नव्हे, सगळ्या चित्रांवर. नाव लिहिलं होतं, आणि कुणीतरी पात्याने ते काढून टाकलं. उजेडात धरलं की तेवढी पट्टी पातळ दिसते. बकुळीचं एकच चित्र सुटलं आहे. त्याच्यावर मोडीत काहीतरी आहे, आणि का कोण जाणे, त्याचे रंग बाकीच्यांपेक्षा ओले वाटतात. हात लावून पाहिला. कोरडंच होतं.

मला फार राग आला. आपल्या लोकांकडून चित्रं काढून घ्यायची आणि आपली नावं खरवडून टाकायची! मी पांडुरंगरावांना सांगितलं, ही नावं मी परत लिहीन. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, भोपाळला दोन ओळी पुरतील. मी म्हटलं, देश आपला झाला, राज्यं नव्याने लागतायत, मग फुलांची नावं का नकोत? ते म्हणाले, बाई, तुम्ही कॉलेजात वादविवादात बक्षिसं मिळवलेली दिसतात. लिहा, पण शिसपेन्सिलीने लिहा.

पेन्सिलीने? पुसता येईल असं? मी शाई आणली आहे.

९ ऑक्टोबर

काम जोरात चालू आहे. जास्वंद, कर्दळ, गुलबाक्षी झाली. काल शेवंती लिहिली, आज मालती, जुई, चंपा. खरवडलेला कागद शाई फार ओढून घेतो, बोरू टेकवला की अक्षर आत बसतं, जसं तहानलेलं कुणी पाणी पितं. फुटकळ गोष्ट आहे, पण नोंदवते: शेवंती लिहिली तेव्हा कागदाला वास आला. चित्रातल्या फुलाचा.

घरी आज शांतता होती. शेवंती गात नव्हती. विजयाबाईंनी तिला अगं ए म्हणून हाक मारली, मग ए सूनबाई. पाटी घेऊन बसलो तेव्हा तिचं लक्ष नव्हतं. बाराखडीत क ते कौ येतं तिला. आज कुठलंच अक्षर विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर

माझं फूल मी मुद्दाम आजपर्यंत ठेवलं होतं. उद्यापासून सुट्टी, लेखणी आणि दौत दसऱ्याच्या पूजेला लागणार. त्याआधी शेवटचा शब्द हाच लिहायचा होता.

चित्र सुंदर आहे, पण कळी मिटलेली आहे. चितारी दिवसा काढत असणार, आणि हे फूल दिवसा उघडत नाही. तिसऱ्या ओळीत अगदी सावकाश लिहिलं. बाबा इथे असते तर म्हणाले असते, परत एकदा.

१४ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला पांडुरंगरावांच्या घरी दौलतगंजला गेले होते. घर माणसांनी भरलेलं, सगळे एकदम बोलत होते. माजघरात त्यांची म्हातारी काकू बसते. पंच्याऐंशीच्या पुढे असेल. मी पाया पडले आणि शेवंतीला हल्ली कुणी नावाने हाक मारत नाही हे मनात होतं म्हणून सहज विचारलं, काकू, तुमचं नाव काय? सगळे हसले. पांडुरंगराव म्हणाले, काकूचं नाव काकू. रेशनकार्ड करताना पंचाईत झाली होती, कुणालाच आठवेना, तिलाही नाही. शेवटी काकूबाई लिहिलं. त्यांची सून राजलक्ष्मी म्हणाली, घरातल्या बायकांना नावाने हाक मारतंच कोण, कधी गेलं ते कळलंच नसणार.

मीही हसले. काकू हसली नाही. तिने माझा हात धरला होता. माझ्या बोटाला शाईचा डाग होता, तो तिने पाहिला. मग नखाने तो खरवडू लागली. आधी मला वाटलं माया करते आहे. ती खरवडतच राहिली, जोरजोराने, आणि तोंडाने नुसता हं हं आवाज. रक्त आलं तरी सोडेना. दोघींनी मिळून तिचा हात सोडवला. तेव्हा तिच्या पदराची गाठ सुटली आणि वाळलेली बकुळीची फुलं जमिनीवर सांडली. राजलक्ष्मी म्हणाली, वर्षानुवर्षं बांधून ठेवते, कशासाठी विचारलं तर सांगता येत नाही.

१८ ऑक्टोबर

शेवंतीला मी आज नाव घेऊन हाक मारली. अगदी समोर उभी राहून. तिने ऐकलं नाही असं नव्हे. ती मागे वळून पाहू लागली, मी दुसऱ्याच कुणाला बोलावते आहे अशी. मी म्हटलं, तुझं नाव सांग बघू. तिने तोंड उघडलं. ओठ हलले. मग हसायचा प्रयत्न केला आणि तिचे डोळे भरून आले. पाटीची चौकट दाखवली. म्हणाली, वर तर काही नाहीच.

नाव आहे. मी कोरलेलं, ठळक, मला दिसतं आहे.

विजयाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सुनेला नावाने कोण हाक मारतं, तू पण ना, पढ़-लिखके कुछ भी सोचती है. मग भाजी चिरता चिरता थांबल्या आणि म्हणाल्या, तिचं नाव काय बरं ठेवलं होतं आम्ही?

बंगला झाडणारी चंपासुद्धा हाकेला ओ देत नाही. शिपाई तिला ए बाई म्हणतो. तिलाही काही वेगळं वाटत नाही.

शेवंतीच्या चित्रात सहा फुलं होती. आता सात आहेत.

२० ऑक्टोबर

बाबांचं पत्र आलं. कान्होजीने, माझ्या भावाने, लिहिलेलं. ‘चि. ताईस अनेक आशीर्वाद.’ बाबा नेहमी नाव घालायला सांगतात. पदवीसकट.

कचेरीत दारावर माझी पाटी लागली: ‘कु. शिर्के’. मी रंगाऱ्याला पूर्ण नाव सांगितलं होतं. म्हणजे सांगितलं असणार. काय सांगितलं ते आठवू लागले.

पांडुरंगराव शिर्केबाई म्हणतात. विजयाबाई पोरी म्हणतात. शेवंती ताई. घरून पत्र ताईला. या महिन्यात मला नावाने कुणी हाक मारलीच नाही, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. बायकांची हाक अशीच असते.

आरशासमोर उभी राहून म्हणायचा प्रयत्न केला. सुरुवातीचा श्वास येतो. पुढे काही नाही.

मग वहीचं पहिलं पान उघडलं. ‘कु.’ आहे. ‘सूर्याजी शिर्के, बी.एस्सी.’ आहे. मध्ये पांढरी जागा आहे. मी त्या दिवशी तिथे काही लिहिलं होतं, दोनदा वाचलं होतं. खाली लिहिलंय की पहाटे तळ्यात पांढरी … मिटायची राहिली होती. पांढरी काय?

२२ ऑक्टोबर

पांडुरंगरावांना सगळं सांगितलं. ते हसतील वाटलं होतं. हसले नाहीत.

ते म्हणाले, मेमसाहेबाने काकूला लिहायला शिकवलं होतं. काका छावणीत कारकून होते, काकू पंधरा-सोळा वर्षांची. तिसरी ओळ काकूनेच लिहिली होती, मोडीत. आणि एके दिवशी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन ती बंगल्यात गेली आणि एक एक चित्र खरवडत सुटली. ओढून बाहेर काढावं लागलं. सगळे म्हणाले डोकं फिरलं. घरात अजूनही तेच म्हणतात.

म्हणजे मेमसाहेबाने खरवडलं नव्हतं. आमच्यातल्याच एकीने खरवडलं होतं. लिहिलेली नावं बायकांच्या अंगावरून निघून चित्रात जात होती, आणि काकू ती परत करत होती. मी मात्र मोठ्या अभिमानाने, शाईने —

पांडुरंगराव खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, मी पेन्सिल म्हटलं होतं.

२३ ऑक्टोबर

सकाळीच पातं घेऊन बसले. शेवंती आधी. कागद इतका पातळ की पातं अगदी आडवं धरावं लागलं. शेवटची मात्रा निघाली तेव्हा चित्रातलं सातवं फूल नव्हतं.

घरी धावत गेले. गल्लीच्या तोंडालाच गाणं ऐकू आलं. मी हाक मारली, शेवंती! ती ओरडली, काय गं? विजयाबाई आतून म्हणाल्या, शेवंते, दूध उतू जाईल, मुंह कम चला, हाथ ज़्यादा. मी अंगणात बसून रडले. दोघींना कळेना.

मरण नाही, इजा नाही. नुसतं नाव परत आलं. आता एक एक करून सगळी.

२५ ऑक्टोबर

मालती, जुई, चंपा, केतकी, सगळी खरवडली. ज्या बायका मला ठाऊकही नाहीत, कुठल्या गल्लीत, कुठल्या घरात, त्यांच्यासाठी. चूक माझी म्हणून माझं शेवटी ठेवलं. कॉलेजात शिकवलं होतं तसंच, आधी दुसऱ्यांचं.

आता माझं चित्र समोर आहे. तिसरी ओळ कोरी आहे.

मला तिथे काही दिसत नाही. शाई कुठे सुरू होते, कुठे संपते, काही नाही. अंदाजाने पातं लावलं तर कागद सोलायला लागला. थांबले. भोक पडलं तर नाव कुठे जाईल?

कळी मिटलेली होती. चार पाकळ्या सुटल्या आहेत.

काकूचंही असंच झालं असणार. सगळ्यांचं तिला दिसलं. स्वतःचं नाही. ते चित्र तसंच राहिलं.

२६ ऑक्टोबर

बकुळीचं चित्र पांडुरंगरावांपुढे ठेवलं. ते मोडी सहज वाचतात. वाचलं आणि खाली बसले. बकुळ, म्हणाले. काकूच्या पदरात —

मीच खरवडलं. दुसऱ्याने खरवडायचं असतं, एवढंच. सत्तर वर्षांची शाई, पण पात्याला ओली लागली.

दोघं दौलतगंजला गेलो. ती माजघरात तशीच बसली होती. पांडुरंगराव तिच्यापुढे लहान मुलासारखे मांडी घालून बसले आणि म्हणाले, बकुळकाकू. तिने मान वर केली. मग स्वतःच म्हणाली, बकुळ. सारखी म्हणत राहिली. घर गोळा झालं. ती हसत होती. दात नाहीत, पण काय हसत होती.

२७ ऑक्टोबर

सकाळी काकू गेली. नाव घेत घेत गेली, असं राजलक्ष्मी सांगत होती.

२९ ऑक्टोबर

पांडुरंगरावांना म्हटलं, आता माझं. तुम्हाला दिसतंय ना? त्यांनी चित्र पाहिलं, ओठ हलले, नाव वाचलं त्यांनी. मला ऐकू आलं नाही. ओठांवरूनही धरता आलं नाही.

पातं मात्र घेईनात. म्हणाले, काकूला नाव मिळालं आणि ती गेली. पोरी, तुला मी मारू? मी म्हटलं, शेवंतीला बघा, ती गाते आहे. काकूचं वय झालं होतं. ते म्हणाले, निदान जीव तरी राहील. वाईट माणूस नाही. हेच तर —

भोपाळला पोचल्यावर बघू, म्हणाले. खोक्यांबरोबर ते स्वतः जाणार आहेत.

नऊ पाकळ्या.

३० ऑक्टोबर

शेवंतीला बंगल्यात आणायचं ठरवलं. तिने नुसती शाई खरवडायची आहे, वाचता यायची गरज नाही. विजयाबाई म्हणाल्या, दिवाळीचा फराळ कोण करणार, तेरा बाप? उद्या ने.

उद्या नेते.

३१ ऑक्टोबर

खोकी खिळे ठोकून तयार. शेवंतीला घेऊन पोचले तेव्हा ट्रक फाटकाबाहेर निघत होता. मी आडवी गेले. ड्रायव्हरने भोंगा वाजवला नाही, वेग कमी केला नाही. मला पाहिलंच नाही जणू. शेवंतीने ओढून बाजूला घेतलं. पांडुरंगराव पुढे बसले होते. मी ओरडले. त्यांनी नमस्कार केला, जसा अनोळखी बाईला करतात.

शेवंतीने विचारलं, ते कोण? आणि तू मला इथे का आणलंस, ताई?

१ नोव्हेंबर

आज नवं राज्य. बंगल्यावर नवा बोर्ड लागला. माझी पाटी काढली आहे. नव्या साहेबांना सांगितलं मी इथे काम करते. त्यांनी विचारलं, नाम? मी उभी राहिले. रांगेतला मागचा माणूस पुढे आला.

डिग्रीचा कागद काढला. विद्यापीठाचं नाव, वर्ष, शिक्का. मध्ये पांढरं.

२ नोव्हेंबर

दिवाळी. विजयाबाईंनी पाटाशेजारी पाट मांडले. माझा नव्हता. मी जमिनीवर बसले. वाढत वाढत त्या पुढे गेल्या. शेवंतीने मात्र पाहिलं. करंजी दिली. कोण तुम्ही, असं विचारलं — तुम्ही.

४ नोव्हेंबर, भाऊबीज

कान्होजी आला!

मी दारातच होते. माझ्यासाठी लुगडं घेऊन आला होता, देवासच्या दुकानाचा कागद. विजयाबाईंना म्हणाला, माझी बहीण इथे राहते. त्या म्हणाल्या, कौन? नाव काय तिचं?

तो हसला. म्हणाला, काय म्हणून विचारता, ताई हो. आम्ही ताईच म्हणतो. मग त्याचं हसू गेलं. कपाळावर हात ठेवून उभा राहिला. बी.एस्सी. आहे ती, म्हणाला. बाबा रोज घेतात नाव. रोज. थांबा हं —

मी त्याच्या समोर उभी होते. त्याच्या दंडाला धरलं होतं. कान्हा, कान्हा म्हणत होते. त्याने माशी झटकावी तसा दंड झटकला.

लुगडं काखेत तसंच घेऊन गेला. गल्लीच्या तोंडाशी एकदा वळला.

५ नोव्हेंबर

तिकडे भोपाळला पाकळ्या किती झाल्या असतील.

पांढरं फूल. पाण्यातलं. कमळ नव्हे. चंद्राला बघून उमलतं. आपल्याकडे त्याला म्हणतात —
म्हणतात —

६ नोव्हेंबर

ही वही वाचणाऱ्याला. पहिल्या पानावर माझं नाव आहे. मला दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर ते चित्र शोधा, तिसरी ओळ —

७ नोव्हेंबर

दुपार. शेवंती अंगणात पाटी घेऊन बसली आहे. मी शेजारी. माझी सावली पाटीवर पडत नाही.

चौकट बघते आहे ती. वरचं नाव वाचलं, शेवंती. स्वतःच्या स्वतः. केवढी खूश झाली. आणि खाली दुसरं — तिला दिसतं! अजून दिसतं! ती म्हणते, हे कुणाचं माझ्या पाटीवर?

विजयाबाई म्हणाल्या, होगी किसी की पुरानी. सुरीने साफ कर.

सुरी घेतली तिने. नको शेवंती. इथे नको. इथे चित्रातली शाई नाही, इथे खरवडलं की परत येत नाही, जातं — ऐकू जात नाही तिला —

थांबली. आधी वाचून बघते, म्हणाली. बोट ठेवलं. एक एक अक्षर लावते आहे. शिकवलं होतं मी तिला, क ते कौ, मग पुढची. एक अक्षर मला ऐकू येतं. सगळं नाही, पण एक एक करून — लिहून घेते, ती खरवडायच्या आत लिहून —

पहिलं, कु.

सुरी फिरली. भुसा उडाला.

दुसरं